हमूदच्या अंगणातली स्वीडिश गाडी

ओमानहून परत आल्यापासून अकोल्यात भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो. ऊन किती होतं आणि खजूर आणले का? उन्हाचं म्हणाल तर डिसेंबर होता. आमच्या मे महिन्यापुढे ते ऊन म्हणजे सावलीच. खजूर आणले, वाटूनही झाले. पण तिथे पाहिलं ते सांगायला बसलो की समोरचा माणूस थोड्या वेळाने घड्याळाकडे बघतो, कारण त्यात उंट नाहीत, किल्ले नाहीत, झुंबरांच्या मशिदी नाहीत. एक बंद पडलेली गाडी आहे आणि दोन म्हातारे आहेत. मला धरून तीन. म्हणून शेवटी लिहायला घेतलं.

अल् घुब्रा

माझी मुलगी सुजाता आणि जावई नितीनराव मस्कतच्या अल् घुब्रा भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. दोघंही इंजिनिअर. आमच्या हिला विमानाची भीती, त्यामुळे मी एकटाच गेलो. इमारतीत सगळे पगारदार लोक. एका मजल्यावर मल्याळी, दुसऱ्यावर तेलुगू, आणि लिफ्टमध्ये सगळ्यांची मिळून एक वेगळीच हिंदी. खालच्या दुकानात कढीपत्त्यापासून मेतकुटापर्यंत सगळं मिळतं. पहिले तीन-चार दिवस आपण परदेशात आहोत असं वाटलंच नाही. सकाळी उठून बुद्धवंदना, मग गॅलरीत बसून शाळेच्या बसेस बघायच्या.

नात इरा दहा वर्षांची. मैत्रिणींशी इंग्रजीत सुसाट बोलते, माझ्याशी बोलताना मात्र प्रत्येक शब्दाआधी थांबते.

"आजोबा, तुम्ही टीचर होते ना? काय शिकवायचे?"

"मोटार मेकॅनिक. आयटीआयमध्ये."

"म्हणजे... स्कूलमध्ये कार रिपेअर करायची?" तिचे डोळे विस्फारले. "आमच्या स्कूलमध्ये का नाही?"

तीस वर्षं मी मुलांना इंजिन उघडायला आणि परत बंद करायला शिकवलं. त्या आधी एक वर्ष मुंबईत एका मोठ्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली होती. तिथे माझ्या खोलीत वसईचा ऑगस्टीन होता. हाताने माझ्यापेक्षा फार वरचा. मी वही बघून इंजिन लावायचो, तो इंजिन बघून वही लिहायचा. वर्ष संपल्यावर तो मस्कतला गेला, मी सरकारी नोकरीत अकोल्याला. त्याला एका स्वीडिश गाड्यांच्या एजन्सीत काम मिळालं होतं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना गाड्यांचं वेड आहे त्यांना पुढे कळेलच, आणि बाकीच्यांना नाव सांगून उपयोग नाही, कारण ती कंपनी आता गाड्या बनवत नाही.

मी आल्याचं कळल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा सोहारहून फोन आला.

"मास्तर, बरा वेळेवर आलास. मी चाललोय. एक्झिट लागला, नोकरी आणि व्हिसा दोन्ही संपले. दहा दिवस राहिलेत."

"कायमचा?"

"कायमचा. जायच्या आधी एक गाडी चालू करून द्यायची आहे. गुरुवारी ये. तुझे हात लागतील."

ऑगस्टीनने आयुष्यात कधी कोणाचे हात मागितले नव्हते. मी सुजाताला सांगितलं, मला जायला हवं. ठरलं असं, की मी गुरुवारी बसने जायचं आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सुजाताने गाडी घेऊन मला आणायला यायचं.

सोहार औद्योगिक वसाहत

बसमधून दिसलं ते थोडक्यात सांगतो. डाव्या हाताला सतत डोंगर, त्यांच्यावर गवताचं एक पातं नाही, विटेच्या भट्टीतून काढून ठेवल्यासारखे. उजव्या हाताला खजुराच्या बागा, आणि त्यांच्या पलीकडे समुद्र असतो म्हणे, तो दिसत नाही. विदर्भातला माणूस मी, उघडं माळरान मला नवं नाही. पण आमच्या माळावर निदान एक बाभूळ तरी असते.

ऑगस्टीन बसथांब्यावर उभा होता. मी त्याच्या अंगावरून पुढे गेलो. त्यानेच मागून हाक मारली, "मास्तर, चष्मा बदल!" भरदार माणूस होता तो. आता शर्ट खांद्यावरून खाली लोंबत होता.

वसाहतीतल्या एका कारखान्यात तो फोर्कलिफ्ट दुरुस्त करतो. राहायला कॅम्पमधली खोली, चार खाटा. तिघे कामावर गेलेले. त्याच्या खाटेच्या डोक्याशी क्रूस, त्याखाली बायकोचा फोटो. ती दोन वर्षांपूर्वी वसईला वारली, आणि हा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मुलगा कॅनडात. तिसरा एक फोटो होता, त्यात बर्फात दहा-बारा माणसं, सगळ्यांच्या अंगावर एकसारखे निळे कोट. एका टोकाला काळासावळा, दात काढून हसणारा ऑगस्टीन.

"हे ट्रेनिंग," तो म्हणाला. "एजन्सीने मला तीन महिने स्वीडनला पाठवलं होतं. थंडी अशी, की पाना हाताला चिकटायचा."

त्याने स्टोव्हवर करक चहा ठेवला. इथे सगळीकडे हाच चहा, दुधाचा, वेलची घातलेला, उकळून उकळून तपकिरी केलेला. आणि बशीत पाव. चहा उकळेपर्यंत तो त्या कंपनीबद्दल बोलत राहिला. कोणी आपल्या आजोळाबद्दल बोलावं तसं.

"मुळात ती विमानं बनवणारी कंपनी, मास्तर. महायुद्ध संपलं, एवढी लढाऊ विमानं कोणाला हवीत? मग म्हणाले, मोटार बनवू. पंधरा-सोळा माणसं बसवली. सगळे विमानाचे इंजिनिअर, त्यातल्या दोघा-तिघांनाच गाडी चालवता यायची, असं आमचा तिथला शिक्षक सांगायचा. त्यांनी गाडीला विमानाच्या पंखाचा आकार दिला. त्यांना दुसरा आकार माहीतच नव्हता ना! पहिल्या गाड्या सगळ्या हिरव्या. लोक म्हणायचे लष्कराचा उरलेला रंग संपवतायत."

"खरं होतं?"

"कोणाला माहीत. शिक्षक हसायचा फक्त." त्याने चहा गाळला. गाळताना थोडा ओट्यावर सांडला, त्याने फडक्याने पुसला. "चावी कुठे ठेवली होती माहितेय? स्टिअरिंगखाली नाही. दोन सीटच्या मध्ये, खाली. का? तर अपघातात चावी गुडघ्यात घुसते म्हणून. दुसऱ्या कंपन्या गाडी कशी दिसेल ते बघायच्या. हे लोक आधी माणूस कसा मरतो ते बघायचे, आणि मग तिथली वस्तू हलवायचे."

चहा झाल्यावर, त्या चालू करायच्या गाडीला लागणारा एक भाग शोधायला आम्ही शहराबाहेर भंगाराच्या आवारात गेलो. मालक बलुची, ऑगस्टीनला ओळखणारा. दोन महिन्यांपूर्वी त्याच्याकडे दोन स्वीडिश गाड्या आल्या होत्या, तेवढ्यावर ऑगस्टीनची सगळी मदार. मस्कत झालं होतं, दुबईलाही फोन करून झाले होते. कुठेही माल नव्हता.

ते आवार मी विसरणार नाही. सपाट जमिनीवर शेकडो गाड्या, एकीच्या डोक्यावर दुसरी. काचा नाहीत, दारं नाहीत, सगळ्यांवर एकाच रंगाची धूळ. कावळासुद्धा नव्हता. आम्ही चालत राहिलो आणि आमच्या चपलांखाली काचेचा चुरा कुरकुरत राहिला. आयटीआयमध्ये आमच्याकडेही मेलेली इंजिनं यायची, पण ती मुलांच्या हातात पडून पुन्हा काही वर्षं जगायची. इथे कोणी कोणाला उघडणार नव्हतं.

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी होत्या. ऑगस्टीन आधीच्या गाडीजवळ गेला. जुनी, नाक पुढे आलेली. त्याने आत हात घालून दोन सीटच्या मधली चावीची जागा चाचपली.

"ही त्यांची स्वतःची," तो म्हणाला. "पत्रा बघ, दार बघ. टर्बो यांनी घराघरांत नेला. माझ्या हाताखालून अशा किती गेल्या."

दुसरी गाडी नवीन दिसत होती. तिचं बॉनेट उघडताना त्याचा आवाज बदलला. "आणि ही नंतरची. तेव्हा एका मोठ्या अमेरिकन कंपनीने यांना विकत घेतलं होतं. बाहेरून स्वीडन, आतून बरंचसं दुसऱ्याचं. आम्ही एजन्सीत ओळखायचो. गिऱ्हाईकही ओळखायचं. मग अमेरिकन लोकांचेच वाईट दिवस आले, त्यांनी ही कंपनी एका छोट्या कंपनीला देऊन टाकली. ती काय चालवणार? एक दिवस कारखाना थांबला, तो थांबलाच."

"तुम्हाला कसं कळलं?"

"टीव्हीवर. मी एका गाडीखाली आडवा होतो. मॅनेजर आला आणि म्हणाला, ऑगस्टीन, बाहेर ये, खलास. मी म्हटलं ऑइल बदलून येतो. तो म्हणाला, बदल. काही घाई नाही आता."

एजन्सी काही महिने चालली, मग तिने तो विभाग बंद केला. शोरूममध्ये दुसऱ्या देशाच्या गाड्या उभ्या राहिल्या. ऑगस्टीनला फक्त एकच गाडी अंतर्बाह्य ठाऊक होती, आणि तीच संपली. बारा वर्षांपूर्वी तो सोहारला आला तो फोर्कलिफ्टला ग्रीस लावायला.

आम्हाला हवी होती ती वस्तू दुसऱ्या गाडीत निघाली. इग्निशनची कॅसेट म्हणतात तिला. लांबट पेटी, चारही प्लगवर एकदम बसते आणि ठिणगी देते. ती गेली की गाडी म्हणजे नुसता पत्रा. स्क्रू काढताना ऑगस्टीनच्या हातून पाना दोनदा पडला. मी उचलून दिला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "शुगर आहे. बोटांची टोकं बधिर झालीत. कळतच नाही वस्तू हातात आहे की नाही."

"फॅक्टरीत सांगितलंस?"

"फॅक्टरीनेच मला सांगितलं," तो म्हणाला. तेव्हा मला कळलं, एक्झिट कशामुळे लागला होता.

कॅसेट आडवी करायची नसते, आतलं तेल हलतं. परतताना टॅक्सीत ती त्याने मांडीवर उभी धरली होती. दोन्ही हातांनी, आणि नजरही तिच्यावरच, कारण हातांवर त्याचा भरवसा नव्हता.

सहम

सहम सोहारहून अर्ध्या तासावर, मस्कतच्या दिशेने. दुकानांची एक रांग, मग लिंबाच्या आणि खजुराच्या बागा, आणि बागा संपतात तिथे समुद्र. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही तिथे गेलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं आणि पाणी राखेच्या रंगाचं. किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या उलट्या पडल्या होत्या.

ज्याची गाडी होती तो हमूद. पंच्याहत्तरीचा, उंच, काठी टेकत चालणारा. पांढरा पायघोळ दिशदाशा, डोक्याला नक्षीची टोपी. ऑगस्टीन त्याला अर्बाब म्हणतो, म्हणजे मालक. खरं तर तो कधीच ऑगस्टीनचा मालक नव्हता. एजन्सी चालू असताना त्याच्या घरची गाडी ऑगस्टीनकडे यायची. एजन्सी बंद झाली आणि ऑगस्टीन सोहारला आला, तेव्हापासून बारा वर्षं दर शुक्रवारी हा सहमला जायचा, गाडी तपासायचा, पाव तास इंजिन चालू ठेवायचा, जेवायचा आणि परतायचा. एवढंच मला माहीत होतं. तीन महिन्यांपासून गाडी सुरू होत नव्हती.

सुजाता मस्कतहून थेट तिथेच आली. हमूदची मुलगी मरियम शाळेत शिकवते. तिने दारातूनच सुजाताचा हात धरला आणि तिला आत, बायकांच्या बैठकीत नेलं. आम्ही पुरुष बाहेरच्या खोलीत गालिच्यावर. खजूर आले, सुरईतून काहवा, म्हणजे इथली कडू कॉफी आली, बोटभर कपात. मी कप रिकामा केला की हमूद भरायचा. पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून मी पीत राहिलो. सातव्या कपाला ऑगस्टीन म्हणाला, "अरे मास्तर, कप हलव! हलवल्याशिवाय तो थांबणार नाही." मी कप हलवला. हमूद हसला. त्या दिवसातलं त्याचं ते एकच हसणं.

गाडी अंगणात खजुराच्या झावळ्यांच्या मांडवाखाली होती. गडद निळी. बारा वर्षं समुद्राच्या वाऱ्यात उभी, पण पत्र्यावर गंजाचा ठिपका नव्हता. ऑगस्टीनने बॉनेट उघडलं तसा हमूद काठी घेऊन फाटकाबाहेर पडला आणि किनाऱ्याकडे चालू लागला.

"थांबत नाही?" मी विचारलं.

"कधीच नाही. मी बॉनेट उघडलं की तो समुद्रावर. मुलाची गाडी आहे ना. मुलगा गेला. गाडी डोळ्यांसमोर चालू झालेली बघवत नसेल. पण लांबून आवाज ऐकतो. त्यासाठीच तर मी येतो."

जुनी कॅसेट मी काढली. प्लग पुसले. मग म्हटलं, "नवी मी बसवतो. तू सांग."

"नको."

"ऑगस्टीन, हाताचं ऐक."

"मास्तर, ही शेवटची आहे. मी बसवतो."

मी बाजूला झालो. त्याने कॅसेट उचलली, चार तोंडं चार भोकांवर आणली. कपाळावर घाम होता. मला वाटलं बसली. त्यालाही वाटलं असणार, कारण त्याने श्वास सोडला. आणि त्याच क्षणी ती त्याच्या बोटांतून निसटली, बंपरच्या कडेवर आपटली आणि खाली सिमेंटवर पडली.

आवाज फार मोठा झाला नाही. मी उचलली तेव्हा अंगाला लांब चीर गेली होती आणि तेल माझ्या तळहातावर आलं.

ऑगस्टीन आपल्या हातांकडे बघत होता. कोणीतरी त्याला न विचारता दुसऱ्याचे हात लावून दिले असावेत, असं.

मी हळू म्हणालो, "हे बघ, भंगारातली वस्तू. आधीच तडकलेली होती असं सांगू. मी सांगतो."

"नाही."

"त्याला काय कळणार आहे?"

"मला कळणार आहे ना," तो म्हणाला.

इंजिनाचा आवाज आला नाही म्हणून असेल, हमूद थोड्या वेळाने परत आला. ऑगस्टीन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "अर्बाब, मेरे हाथ से टूट गया. दूसरा नहीं मिलेगा. कंपनी नहीं है, सामान नहीं है. माफ करना."

हमूदने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने ऑगस्टीनचा उजवा हात उचलला, उलटा केला, सुलटा केला. "हाथ को लगा?"

"नहीं."

"खलास," हमूद म्हणाला. "चलो, खाना."

नमाज झाल्यावर जेवण आलं. एकाच मोठ्या परातीत भात, त्यावर अख्खा भाजलेला मासा, भोवती आम्ही तिघं. आमच्याकडे एका ताटात जेवणं म्हणजे अगदी घरोबा. इथे पाहुणा पहिल्याच दिवशी ताटात. ऑगस्टीनने घास घेतला नाही. हमूद बोटांनी माशाचे काटे काढायचा आणि मऊ तुकडे त्याच्या बाजूला सारायचा. ऑगस्टीनपुढे त्या तुकड्यांचा ढीग झाला.

निघताना लोबानाचा धूर आणला, कपड्यांना दिला. इथे धूर आला की पाहुण्याने उठायचं. आपल्याकडे ही सोय नाही, आपण दारात तासभर बोलत राहतो. त्या दिवशी मला ही रीत बरी वाटली.

ऑगस्टीनला आम्ही सोहारच्या टॅक्सीत बसवून दिलं. मस्कतच्या रस्त्याला लागल्यावर सुजाताने आधी आरसा नीट केला. मग म्हणाली, "बाबा, मरियमने मला एक सांगितलं. पण अंकलना सांगायचं नाही."

"काय?"

"तिचा भाऊ मित्रांच्या जीपमधून डोंगरात गेला होता. वादीला, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीला, अचानक पूर आला, जीप वाहून गेली. गाडी घरीच राहिली. तिच्या बाबांना ती गाडी नकोच होती. काढून टाकणारच होते. तेवढ्यात अंकलची नोकरी गेली, ते सोहारला आले, आणि एका शुक्रवारी गाडी बघायला म्हणून इथे आले. अंकल घरापासून लांब, बोलायला कोणी नाही. तेव्हा तिचे बाबा म्हणाले, गाडी राहू दे. गाडी गेली तर हा माणूस शुक्रवारी कुठे जाईल? ते आवाज ऐकायला नाही जात समुद्रावर. आवाज ऐकू येऊ नये म्हणून जातात."

डोंगरांवरचा उजेड उतरत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बारा वर्षं हा त्याच्यासाठी जात होता आणि तो ह्याच्यासाठी सहन करत होता.

पुन्हा अल् घुब्रा

त्याच्या विमानाच्या आदल्या दिवशी ऑगस्टीन निरोप घ्यायला आला. दुपारी, एक लहानशी बॅग घेऊन. सुजाता ऑफिसात होती, इरा शाळेत. मी वरण-भात लावला होता, वांग्याची भाजी केली होती.

तो जेवायला बसला, पण बोलणं एकच. "सगळ्यांना काहीतरी नीट करून देऊन जाता येतं, मास्तर. मी एक गाडी सांभाळली आणि जाता जाता मीच मारली. म्हाताऱ्याकडे मुलाचं तेवढंच होतं."

मला सुजाताचे शब्द आठवत होते. पण माझी एक खोड आहे. तीस वर्षं पोरांच्या जोडणीतली चूक कुठे आहे ते सांगत आलोय. समोरचा चुकीची गोष्ट मनाला लावून बसलेला मला बघवत नाही. आणि मला खरंच वाटलं, याच्या छातीवरचा दगड उतरेल.

मी सांगितलं. सगळं.

ऑगस्टीनचा हात ताटातच थांबला.

"म्हणजे तो मला सांभाळत होता," तो म्हणाला.

"तसं नाही रे. त्याचा जीव होता तुझ्यावर, एवढंच मी..."

"मास्तर, सहा दिवस मी फोर्कलिफ्टला ग्रीस लावायचो. कोणीही लावेल. शुक्रवारी मी मेकॅनिक होतो. मला वाटायचं जगात एक जागा आहे जिथे माझ्यावाचून अडतं." त्याने हात धुतले. "आणि तो बिचारा दर आठवड्याला मुलाच्या गाडीचा आवाज ऐकून पळत होता. माझ्यामुळे. बारा वर्षं मी त्याला छळलं."

"ऑगस्टीन, बस. जेव तरी."

"पोट भरलं."

लिफ्टपर्यंत गेलो त्याच्याबरोबर. त्याने मिठी मारली नाही, फक्त मान हलवली. लिफ्टचं दार लागल्यावर मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. वरचा मल्याळी शेजारी आला, त्याने विचारलं, "अंकल, लिफ्ट खराब है क्या?"

संध्याकाळी सुजाताला सांगितलं. ती रागावली नाही. "बाबा, मरियमने विश्वासाने सांगितलं होतं," एवढंच म्हणाली आणि ताटं घासायला घेतली. राहिलेले आठ दिवस मी मस्कत पाहिलं, सगळे दाखवतात ते. किल्ला पाहिला, बाजार पाहिला. काय पाहिलं ते विचाराल तर सांगता येणार नाही.

अकोला

परत आल्यावर मी त्याला वसईला पाच-सहा वेळा फोन केला. उचलला नाही. ही म्हणाली, राहू द्या, आपण होऊन करेल. मला खात्री नव्हती. उमेदवारीच्या खोलीतला तो एवढा एकच मित्र मला उरला होता, आणि तोही मी माझ्या हाताने घालवला, असं धरून चाललो होतो.

दीड महिन्याने एका शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला. घर उघडलं, म्हणाला. वाळवी लागली होती, दोन दारं बदलली. शुगर तशीच आहे. मुलाचा फोन येतो अधूनमधून. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्याने मधेच तोडलं.

"काल हमूदचा फोन आला होता."

"काय म्हणाला?"

"आधी दोन शुक्रवार आला होता, मी उचलला नव्हता. काल उचलला. काय बोलायचं तेच कळेना. म्हणून सरळ विचारलं, अर्बाब, गाडी तुला नको होती?"

"मग?"

"मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, पहिली काही वर्षं नको होती. तू इंजिन चालू केलंस की मी समुद्राकडे पळायचो. पुढे पुढे कान तिकडेच लागायला लागले. नंतर नंतर तर किनाऱ्यावर उभा राहून वाट बघायचो. घरात कोणाला सांगितलं नाही, म्हणाला." ऑगस्टीन थांबला. "आता ऐकू येत नाही, म्हणाला, तर शुक्रवारी कुठे जायचं ते कळत नाही. तरी सवयीने जातो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग त्याने मुलाचं नाव घेतलं, मास्तर. सालेमला तो आवाज फार आवडायचा, म्हणाला. सालेम. बारा वर्षं मी त्या पोराची गाडी हाताळली आणि त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं."